खळ्याकडे पाठ

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, झाली, की आमच्याकडच्या वाऱ्याला तुरीचा वास येतो. पावसाच्या वासावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मोगऱ्याचं तर विचारूच नका. वाळलेल्या तुरीला मात्र कुणी विचारत नाही. कोरडा, तुरट, नाकात जरासा खाजणारा वास. जुन्या डाळीचा डबा उघडल्यावर येतो ना, तसाच, फक्त डबा सगळ्या शिवाराएवढा. अमावस्येला रानात नेलेली आंबील आणि भज्जी अजून जिभेवर असते, सकाळची थंडी कानात शिरते, आणि हुलसूरपासून भालकीपर्यंत जिकडं बघावं तिकडं कापलेल्या तुरीच्या पेंढ्या उभ्या. अंगाला खाज सुटते, केसांत भुसकट जातं, रात्री आंघोळ केली तरी उशीवर सापडतं. तरी मला हाच महिना आवडतो. ज्याला नावं ठेवायची त्यानं ठेवावीत.

परवा आमच्या खळ्यावर हडंबा आला. हडंबा म्हणजे मळणी यंत्र. लोखंडाचं हे धूड ट्रॅक्टरच्या मागं उभं करायचं, ट्रॅक्टरच्या मागून निघणारा फिरता दांडा त्याला जोडायचा, आणि वरच्या तोंडात पेंढ्या घालत राहायच्या. एकीकडून दाणे पडतात, दुसरीकडून भुसकट उडतं. हा फिरता दांडा म्हणजे पीटीओ शाफ्ट. आमच्यात सगळे नुसतं शाफ्ट म्हणतात. ट्रॅक्टर मी चालवते. पन्नाशी ओलांडलेली बाई ट्रॅक्टरवर बघून रस्त्यानं जाणारे अजून मान वळवतात. वळवू द्या. मान त्यांची दुखेल.

हडंबा सुरू झाला, की पहिला थोडा वेळ मी कुणाशी बोलत नाही. कान लावून बसते. मीटरवर काटा आहे, खूण आहे, पण काट्यापेक्षा कान आधी सांगतो. चाल बरोबर लागली, की आवाज भरदार आणि एकसारखा येतो, जात्यावर दोघी समोरासमोर बसल्यावर येतो तसा. त्याच्या खाली तो रडतो, वर गेला की किंचाळतो. मधल्या त्या जागेला आम्ही पाचशे चाळीस म्हणतो.

आणि खळ्याच्या कडेला, बांधावरच्या बाभळीखाली, माझे सासरे बसलेले असतात. आम्ही सुना त्यांना मामा म्हणतो. पूर्वी दगडावर बसायचे, आता प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. बसतात ते खळ्याकडे पाठ करून. समोर बघायला काही नाही, एक ओढा आणि पलीकडं दुसऱ्याचा ऊस. इकडं त्यांच्याच घरची रास पडत असते, आणि म्हातारा उसाकडं तोंड करून बसलेला. नवखा माणूस म्हणेल, सुनांवर रुसलाय वाटतं. गावातले काहीजण अजूनही तसंच म्हणतात.

बारा-तेरा वर्षं झाली असतील त्याला.

आमच्या घरात ट्रॅक्टर सगळ्यांचा, पण हात लावायची मुभा एकट्या भावजींना. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, बसवराज. आमच्या ह्यांचं भालकीत बी-बियाणाचं दुकान. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं यायचं. ट्रॅक्टरची किल्ली कुठल्या बाजूला फिरते हे त्यांना आजही सांगता येणार नाही. आणि त्या वर्षी ऐन तुरीत भावजी कमलनगरच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडले. डाव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर.

तूर कापून पडलेली. वर आभाळ. आधीच एक अवकाळी सर येऊन गेली होती आणि ओढ्याकाठचं रान चिबडून बसलं होतं. आणखी एक आली असती, तर शेंगेतच दाणा काळा पडला असता, वर्षाचं पीक मातीत. मामा ड्रायव्हर शोधत चार गावं हिंडून आले. पण ते दिवस कारखान्याला ऊस घालायचे. ज्याला म्हणून स्टेअरिंग धरता येतं, तो उसाच्या ट्रॉलीवर. कुणी मिळेना. संध्याकाळी सगळे तोंडं पाडून बसलेले. मला ती तोंडं बघवेनात.

"म्या चालवते," मी म्हणाले.

भावजी बाजेवरून हसले. "वहिनी, ती शिलाई मशीन न्हाई."

"शिलाई मशीन तरी तुमाला येतीया का? चालवून दावा बरं."

प्लास्टरमधला माणूस काय बोलणार! मी पुढं उडी मारली, की मागून कोण येणार हेही ठरलेलं. महानंदा. भावजींची बायको, माझी धाकटी जाऊ. माहेर आळंदकडचं, घरात कानडी. लग्न होऊन आली तेव्हा मराठी एवढंसं यायचं, आता माझ्यापेक्षा जोरात भांडते. मला अक्का म्हणते. "अक्का चालवायलीय म्हणल्यावर म्या पेंढ्या देते," ती म्हणाली, आणि विषय संपला. मामांनी 'हो' म्हटलं नाही, 'नको'ही म्हटलं नाही. उठून बैलाला पाणी पाजायला गेले. आमच्या घरात ह्यालाच होकार म्हणतात.

दुसऱ्या दिवशी भावजींची बाज खळ्यावर आली. प्लास्टरचा पाय उशीवर, हातात उसाचं कांडकं, आणि शाळा सुरू. असा मास्तर मी उभ्या जन्मात बघितला नव्हता. दर दोन वाक्यांनंतर कांडक्याचा एक चावा.

"मीटरवर काटा बघा वहिनी. तिथं खूण हाय, पाचशे चाळीसची. रेस देऊन काटा त्या खुणेवर आणायचा. मग शाफ्ट मिनिटाला पाचशे चाळीस फेरे घेतंय. हडंबा त्याच चालीसाठी केलाय."

"जरा कमी ठेवलं तर? डिझेल वाचंल की."

"डिझेल वाचंल अन् तूर भुसकटात जाईल. शेंग फुटलीच न्हाई तर दाणा कुठून पडंल?"

"अन् जास्त केलं तर?" महानंदानं विचारलं.

"तर दाणा फुटतोय. तुरीची डाळ हितंच हुतीया. गिरणीला जायचं कामच न्हाई."

शाफ्टच्या आणखी दोन चाली होत्या आमच्या ट्रॅक्टरला. एक काटकसरीची. तिच्यात इंजिन कमी फिरतं पण शाफ्ट तेवढाच फिरतो. फवारणीसारख्या हलक्या कामाला ठीक, हडंब्याचा भार आला की इंजिनाला धाप लागते. दुसरी हजाराची. "त्या गेरला हात लावायचा न्हाई," भावजी म्हणाले, "हजाराची अवजारं येगळी असत्यात, आपल्याकडं एकबी न्हाई. पाचशे चाळीसचं यंत्र हजारावर घातलं तर तुकडे हुडकत फिरावं लागंल." मग दिलीय कशाला, असं मी विचारलं. "घरात समदी भांडी रोज लागत्यात का?"

मी बारावी झालेली. मनातल्या मनात साठानं भागलं. सेकंदाला नऊ फेरे. पापणी एकदा लवेपर्यंत दोन-तीन. मला त्या आकड्याची मोठी गंमत वाटली, आपण केवढी ताकद हातात धरलीय म्हणून. भीती वाटली नाही. भीती वाटायला आधी काहीतरी बघावं लागतं.

दुसरा धडा डिफ्रेन्शल लॉकचा. गावात त्याला डिपलॉक म्हणतात. भावजींनी घरातून दोन ताटं मागवली आणि बाजेवर उभी धरली. ही मागची दोन चाकं. "वळताना आतल्या चाकाला थोडं चालावं लागतंय, भाईरच्याला जास्त. दोघांला एकत्र आवळलं तर ट्रॅक्टर वळणारच न्हाई. म्हणून मधी डिफ्रेन्शल. ज्याला जेवढं चालायचं तेवढं चालू देतंय. पर एक चाक चिखलात गेलं की समदा जोर त्यालाच जातोय, अन् ते जाग्यावर भिंगरीगत फिरतंय. दुसरं कोरड्यावर हाय, पर गुमान उभं. तवा क्लच दाबून चाक थांबवायचं, अन् उजव्या टाचंखालचं हे पायडल दाबायचं. दोन्ही चाकं एक हुत्यात. भाईर निघालं की टाच उचलायची. वळायच्या आधी. वळायच्या आधी, वहिनी!"

"कळलं हो. एवढं कामून वरडायलाव?"

कळलं नव्हतं. कळणं आणि टाचेला कळणं ह्यात अंतर असतं. ओढ्याकाठच्या रानातून तुरीची ट्रॉली भरून निघाले, आणि उजवं चाक चिबडीत गेलं. गरगर फिरतंय, काळा चिखल ट्रॉलीवर उडतोय, ट्रॅक्टर तसूभर हलेना. महानंदा बांधावरून "अय्यो, अय्यो" करायली. मी क्लच दाबला, श्वास घेतला, टाच ठेवली आणि हळूच क्लच सोडला. काय सांगू! बुडाखालून एक 'खट्' झालं आणि एवढं मोठं जनावर दोन्ही पाय एकदम रोवून वर आलं. त्या क्षणी मला वाटलं, मी आता मुंबईपर्यंत जाईन. आनंदात टाच तशीच दाबलेली. खळ्याचं वळण आलं, मी स्टेअरिंग फिरवलं, पुढची चाकं वळली आणि ट्रॅक्टर सरळच चालला. बाजेवरून भावजी ओरडायलेत, "टाच! टाच!" आणि मी थेट उकिरड्यात. महानंदा हसून हसून खाली बसली. तिचं ते हसणं मला अजून ऐकू येतं. मी तिला एक शिवी दिली आणि मग मीही हसले.

नंतर कितीदा तरी, भाकरी थापताना, मला ती दोन ताटं आठवली आहेत. एका घरात दोन जावा. एकीला जास्त चालावं लागतं, एकीला कमी, आणि ते रोज मोजत बसलं तर घर वळणारच नाही. पण चिखल आला, की दोघींनी एक व्हायचं. आणि बाहेर निघाल्यावर पुन्हा ज्याला त्याला मोकळं सोडायचं, हे तिसरं लोक विसरतात. सासवांना तर हे कुणीच शिकवत नाही. असो. मी काही कीर्तनाला उभी नाही.

आता पदराचं सांगते.

आमच्याकडं सासऱ्यासमोर सुनेच्या डोक्यावर पदर लागतो. नव्या पोरी आता घेत नाहीत, चांगलं झालं. पण आमच्या वेळी ती रीत अंगात मुरलेली. मामांची चाहूल लागली, की हात आपसूक वर जायचा. भाकरी तव्यावर असो, लेकरू मांडीवर असो, हाताला पीठ असलं तर मनगटानं ओढायचा. मामांचा जाच होता म्हणावं तर तसंही नाही. ते कधी आवाज चढवून बोलले नाहीत. उलट घरात शिरायच्या आधी अंगणातच खाकरायचे, मोठ्यानं, दोनदा. आम्हाला पदर घ्यायला वेळ मिळावा म्हणून. त्यांच्या खाकरण्याला आम्ही घंटा म्हणायचो. "घंटा वाजली गं," महानंदा कुजबुजायची, आणि दोघी पदराखाली हसायचो.

मळणीचा तो पहिलाच दिवस. सकाळपासून हडंबा एका सुरात चाललेला. तोंडाशी गावातले दोन गडी पेंढ्या घालत होते, महानंदा त्यांच्या हातात पेंढी देत होती आणि मधूनच खाली सांडलेल्या शेंगा गोळा करत होती. पदर कंबरेला खोचलेला. शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर असतं खरं तर; आमचं आदल्या वर्षी फुटलं होतं, आणि कुणाच्याच ट्रॅक्टरला नव्हतं म्हणून आमच्याही ट्रॅक्टरला नव्हतं. महानंदा शाफ्टपासून दोन हातांवर वाकलेली होती.

मामा भाकरीची दुरडी घेऊन आले. हडंब्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू आलं नाही. महानंदानं मान वर केली, तर सासरे समोर उभे.

हात वर गेला. कंबरेचा पदर तिनं सोडवला आणि डोक्यावर घ्यायला मागून फिरवला. मीही त्यांना त्याच वेळी बघितलं. माझाही एक हात पदराला गेला आणि दुसऱ्या हातानं मी रेस खाली घेतली, मोठ्या माणसाचं बोलणं ऐकू यावं म्हणून. दोघींनीही काही विचार केला नव्हता. पदराचं टोक वाऱ्यावर गेलं आणि शाफ्टनं ते घेतलं.

"अक्का, निल्लिसु!"

थांबव, थांबव. कानडीतच ओरडली ती. मी दोन्ही पायांनी क्लचवर उभी राहिले. पण सेकंदाला नऊ फेरे म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी पाय दाबेपर्यंत साडी गुंडाळून झाली होती. महानंदा ओढली गेली, खांदा ट्रॅक्टरच्या टायरवर आपटला, आणि टर्रकन आवाज झाला. साडी खांद्यापासून फाटली. शाफ्ट थांबला, त्याच्याभोवती निळ्या साडीचा पिळा, आणि महानंदा मातीत बसलेली, मानेवर कातडं सोलल्याची लाल रेघ. जिवंत. बाजेवरून भावजी खाली पडले होते आणि प्लास्टरचा पाय ओढत तिच्याकडं सरपटत होते. मी तिला छातीशी धरलं आणि मोठ्यानं रडले. मामा दुरडी हातात धरून होते तसेच उभे.

लोक नंतर म्हणाले, देवानं वाचवलं. रेस खाली आली होती म्हणून वाचली, असं भावजी म्हणतात. मी म्हणते, विरलेल्या साडीनं वाचवलं. तिच्या आईनं दिलेली सुती साडी, धुऊन धुऊन पातळ झालेली. आदल्याच दिवशी मी तिला म्हणाले होते, "टाक ती चिंधी, चांगली नायलॉनची नेस." तिनं माझं ऐकलं नाही. माझं न ऐकल्याबद्दल मी आयुष्यात एकदाच कुणाचे तरी आभार मानलेत.

भालकीच्या डॉक्टरनं मलम दिलं, हाड शाबूत आहे म्हणाला. त्या रात्री मामा जेवले नाहीत. सकाळी आभाळ होतंच. "तूर भिजल अक्का, चल," महानंदाच म्हणाली. गळ्याला पट्टी, अंगात भावजींचा जुना शर्ट, साडीच्या वरून घातलेला, पदर शर्टाच्या आत. आम्ही खळ्यावर गेलो तर मामा आमच्या आधी येऊन उभे. दोघींचे हात उचलले गेले. मामांनी झटकन तोंड फिरवलं.

"बसवराज," ते भावजींना म्हणाले, आम्हाला ऐकू जाईल असं, "दोघीला सांग. म्या खळ्यावर हाय, पर खळ्याकडं बघणार न्हाई. माझ्यासाठी कुणी हात हलवायचा न्हाई."

आणि बांधावर जाऊन दगडावर बसले, पाठ करून. रास पूर्ण होईपर्यंत तसेच बसले. पाऊस आला नाही. तूर घरात आली.

मला मात्र त्यांचा राग आला होता. खरं सांगते, चांगलाच. पोर मरता मरता वाचली, आणि ह्यांना 'पदर घेऊ नका' एवढे तीन शब्द तोंडावर म्हणवत नाहीत! रीत मोडायची नाही म्हणून स्वतः तोंड फिरवून बसले. म्हणजे रीत शाबूत, आणि आम्ही बघायच्या लायकीच्या नाही. मी हे आमच्या ह्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "आमच्या अप्पाचा सोभाव तुला म्हाईत हाय की." स्वभाव म्हटलं, की पुरुषांचं सगळं माफ.

पण वर्षं गेली आणि दर तुरीला मामा तसेच बसत राहिले. त्याच्या आधी त्यांची एक आवड होती. हडंब्यातून दाण्याची धार पडते, तिच्याखाली उकिडवं बसून ओंजळ धरायची. दाणे ओंजळीतून सांडायला लागले, की लेकरासारखे हसायचे. ती धार त्यांनी त्या वर्षानंतर बघितली नाही. यंत्र बंद झालं, आम्ही पदर सारखे केले, की मी हाक मारायची, "मामा, या." मग ते यायचे, लांबच चपला काढायचे, अनवाणी जाऊन राशीला हात जोडायचे. धार पडताना फक्त ऐकायचे. कान असा तयार झाला होता, की उसाकडं तोंड करूनच हाळी द्यायचे, "थोरले, रेस उतरली बघ." मी काट्याकडं बघावं तर खरंच उतरलेली. कधी म्हणायचे, "ओली पेंढी गेली." तेही खरं निघायचं. मला मनातून कौतुक वाटायचं आणि राग काही जायचा नाही. दोन्ही एकाच वेळी नांदतात माणसात.

भावजींचा पाय बरा झाला, पण तुरीच्या दिवसांत किल्ली माझ्याकडेच राहिली. ट्रॅक्टर बदलला. नव्या शाफ्टला कव्हर आहे, आणि ते फुटलं तर काम बंद, असं मी सगळ्यांना बजावलंय. महानंदाच्या मानेवरची रेघ पुसट झालीय, थंडीत तेवढी खाजते. शर्ट मात्र तेव्हापासून कायम. आता खळ्यावर येणाऱ्या सगळ्या बायका साडीवर शर्ट घालतात. त्यांना वाटतं उन्हासाठी.

यंदा मामांना दिसत नाही. काचबिंदूनं नजर गेली. उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तरी येळवस झाल्यावर विचारायला लागले, हडंबा कवा यायलाय. परवा महानंदानं हाताला धरून आणलं, बाभळीखाली खुर्ची ठेवली. त्यांनी चाचपून खुर्चीची पाठ शोधली आणि ती स्वतःच फिरवली. ओढ्याकडं तोंड.

वारं यंदा त्याच बाजूनं, बोचरं. दुपारी जेवायला यंत्र बंद केलं तेव्हा मी बघितलं, म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं वाऱ्यानं. मला राहवेना.

"मामा, आता इकडं तोंड करून बसा की. वारं लागायलंय. तुमाला दिसतंय कुठं आता?"

त्यांनी हातानं डोळे पुसले. मग म्हणाले, "मला दिसत न्हाई, ते मला म्हाईत हाय. त्या पोरीच्या हाताला कुठं म्हाईत हाय, माय?"

मी खुर्चीच्या आणखी जवळ गेले.

"सांगून हात ऐकत असता तर तवाच सांगितलं असतं," ते म्हणाले. "त्या दिशी म्या खाकरलो व्हतो. लई मोठ्यानं खाकरलो. दोनदा. त्या मशिनीत कुणालाच ऐकू गेलं न्हाई."

इतकी वर्षं हा माणूस ते खाकरणं गळ्यात घेऊन बसला होता. आणि मी? मी रीतीचा हिशेब लावत बसले होते. हडंबा बंद होता, त्यामुळं महानंदालाही सगळं ऐकू गेलं होतं. ती भाकरी ठेवून उठली, आली, आणि खुर्चीसमोर मातीत गुडघे टेकून बसली.

"मामा, हात द्या."

तिनं त्यांचा हात धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. उघड्या डोक्यावर. मामांचा हात दचकला, मागं जायला लागला. तिनं सोडला नाही. मग तो हळूहळू भांगावरून फिरला, अंबाड्यापर्यंत गेला, केसांतलं भुसकट त्या बोटांना लागलं.

"पदर हाय का, बघा."

"न्हाई," मामा म्हणाले.

"तुमी माझ्याम्होरं हाव. माझं दोन्ही हात तुमच्या हातावर हायत. एकबी वर गेला न्हाई. कळलं माझ्या हाताला. आता साकु, मामा."

पुरे, म्हणाली ती. उठली, आणि म्हातारा बसलेला असतानाच खुर्ची दोन्ही हातांनी धरून फिरवली. खळ्याकडे तोंड. भावजी पेंढीवर बसून दुसरीकडं बघत होते. त्यांनाही वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं असावं.

मी ट्रॅक्टरवर चढले, क्लच दाबला, पीटीओचा गिअर टाकला आणि सावकाश रेस वाढवली. हडंबा आधी रडला, मग सुरात आला. महानंदानं खुर्ची दाण्याच्या धारेपर्यंत पुढं ओढून घेतली, मामांची ओंजळ धारेखाली धरली, पहिले दाणे त्यांच्या हातात पडले, आणि ती आपल्या जागेवर गेली. मामांचं तोंड सरळ तिच्याकडं होतं. काटा पाचशे चाळीसच्या खुणेवर आला, तेव्हा तिचे दोन्ही हात पेंढीत होते.